ओळख पाहू

“भिलवडीच्या आत्याचा फोटो कुठं गेला रे?”

दादानं पुण्याहून फोन करून हे विचारलं, तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये एका बंद पडलेल्या संगणकाचं झाकण उघडून बसलो होतो.

“असेल की. ‘अण्णांकडचे’ म्हणून फोल्डर आहे, त्यात बघ.”

“त्यातच बघतोय. आत्या नाही, तिच्या दारातला बैल नाही, काही नाही. बाबूमामाच्या लग्नाचे चाळीस होते, ते आता अकरा आहेत. तू काही हलवलंस का?”

“मी कशाला हलवू?”

“मग गेले कुठं? भरत, मूळ फोटो तर आपण फेकून दिलेत.”

ते खरं होतं, आणि फेकले होते मीच.

महापुरात आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात छातीभर पाणी होतं. आईला आम्ही नावेतून बाहेर काढलं. आठ दिवसांनी परत आलो तेव्हा कॉटखालची ट्रंक चिखलानं भरलेली होती, आणि तिच्यात आमच्या वडिलांनी, अण्णांनी, पन्नास वर्षं जपलेले अल्बम होते. मी आणि पद्मजानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकेक फोटो सोडवून वर्तमानपत्रावर वाळवला. बरेच एकमेकांना चिकटून फाटले. जे वाचले त्यांच्यावर बुरशी चढायला लागली. ती पुढं सरकायच्या आत मी चार महिने रोज संध्याकाळी बसून सगळे स्कॅन केले. सतराशेच्या वर भरले. मग कागद टाकून दिले. ठेवण्यासारखे राहिलेच नव्हते.

आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून मी ते मशीन आणलं. विटेएवढा एक काळा डबा, त्यात दोन हार्ड डिस्क. एकीवर जे ठेवाल ते आपोआप दुसरीवरही उमटतं. एक बिघडली तरी दुसरी आहेच. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, अगदी छताजवळ फळी ठोकून मी ते बसवलं. घरच्या वायफायला जोडलं. पद्मजाचा फोन, माझा लॅपटॉप, पुण्याला दादाचा आणि वृषाली वहिनींचा फोन, आणि आईसाठी मुद्दाम घेतलेला टॅब, सगळे त्याला जोडून दिले. ज्याला जे हवं ते त्यानं बघावं, नवीन फोटो टाकावेत. त्या दिवशी आईला वर नेऊन मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, “आता कितीही पाणी येऊ दे. यातलं काही जात नाही.”

घरी आल्यावर मी मोजदाद केली. एकशे बारा फोटो नव्हते.

पुसलेल्या फायली महिनाभर बाजूला राखून ठेवायची सोय त्या मशीनमध्ये होती. जागा अडते म्हणून मी ती बंद केली होती. सुरुवातीला एक वेगळी प्रत काढून कॉलेजच्या कपाटात ठेवली होती, पण तेव्हा निम्मंच स्कॅनिंग झालेलं होतं. तिच्यातून एकवीस फोटो परत आले. उरलेले गेले ते गेलेच. दोन डिस्कचा उपयोग शून्य होता. कुणी एकीवरचं पुसलं की दुसरीही आज्ञाधारकपणे त्याच क्षणी पुसत होती.

मी बसून विचार केला. डिस्क ठणठणीत होत्या. म्हणजे कुणीतरी हातानं पुसलेत. दादा असं करणार नाही. पद्मजा फक्त फोटो टाकायची. आई तर टॅबवर फक्त बघायची. राहिल्या वहिनी. त्यांचा फोन सदा भरलेला असायचा, आणि जागा करायला त्या काही ना काही उडवत असायच्या. मी लगेच फोन लावला.

“वहिनी, फोनमधलं काही काढताना चुकून घरचे शंभरावर फोटो उडवलेत का?”

“नाही हो, भावजी. मी तिथं नुसती बघते.”

“चुकून होतं तसं. एकदा आठवून बघा.”

“चुकून एखादा जाईल. शंभर-सव्वाशे कसे जातील?” मग त्या जरा अडखळत म्हणाल्या, “रागावू नका, पण तुम्ही एकदा आईंकडं लक्ष देऊन बघा ना.”

माझं डोकंच फिरलं. “तुमच्या हातून झालं असेल तर तसं सांगा. आईवर ढकलू नका.”

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर चार दिवस दादाचाही फोन नाही.

माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायची आणि गावातली माणसं एकमेकांना जोडून द्यायची. कुणी नुसतं “हॅलो” म्हटलं तरी ती म्हणायची, “बोला, शहाकाका, पेढीवर देऊ ना?” पुढं बोर्ड गेले, आपोआप लागणारे फोन आले, आणि तिला चौकशीच्या टेबलावर बसवलं. तिथंही तिनं डिरेक्टरी क्वचितच उघडली. अण्णांचा तो आवडता खेळ होता. पाहुणे आले की डिरेक्टरी मांडीवर घ्यायची, मधलंच पान काढायचं आणि म्हणायचं, “ओळख पाहू, चारशे सत्तावीस कोण?” आई पोळ्या लाटता लाटता उत्तर द्यायची. तिचं उत्तर चुकलेलं मी लहानपणी कधी ऐकलं नाही.

म्हणूनच मशीन आल्यावर मी तो खेळ पुन्हा सुरू केला. रविवारी अकरा वाजता पुण्याला व्हिडिओ कॉल असायचा. दादाची मुलगी रिद्धी स्कॅन केलेला एखादा जुना फोटो पडद्यावर आणायची आणि ओरडायची, “आजी, ओळख पाहू!” पहिल्या महिन्यात आईनं धडाधड नावं सांगितली, कुणाचं कोण, कुठल्या गावचं, कुणाच्या लग्नात काय झालं. आम्ही ते लिहून घ्यायला हवं होतं. आम्ही नुसते टाळ्या वाजवत होतो.

वहिनींशी बोलणं झालं त्याच संध्याकाळी मी मशीनमध्ये एक नोंद चालू केली. कुठल्या फोनवरून, किती वाजता, काय पुसलं गेलं हे ती लिहून ठेवते. वहिनींपुढं पुरावा ठेवायचा, एवढाच माझा हेतू होता.

रविवार आला. दादा माझ्याशी बोलत नव्हता, पण आईसाठी त्यानं कॉल लावला. वहिनी पडद्यावर आल्या नाहीत. रिद्धीनं पहिला फोटो दाखवला, सायकल धरून उभा असलेला एक माणूस.

“आजी, ओळख पाहू!”

आईनं चष्मा पुसला. पडद्याजवळ वाकली. “हा होय? हा आपला... तू सांग बरं आधी. बघू तुला येतं का.”

“मला कसं येईल? आजी चीटिंग करते!”

सगळे हसले. मीही हसलो. दुसरा फोटो एका बाईचा होता, कडेवर बाळ. आई म्हणाली, “किती गोड आहे नाही बाळ?” तिसरा आला तशी ती उठलीच. “दूध उतू जातंय वाटतं,” म्हणाली. गॅसवर काहीच नव्हतं. पद्मजानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आई कंटाळली असेल.

कॉल संपल्यावर मी वर गेलो. लॅपटॉप उघडून नोंदीचं पान समोर ठेवलं. ते कोरं होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी त्यावर पहिली ओळ उमटली.

आई-टॅब. पुसले: सायकलवाला फोटो.

मला आधी कळलंच नाही. मग दुसरी ओळ आली. आई-टॅब. कडेवर बाळ घेतलेली बाई. मी उठलो. मशीनची वायर माझ्या हाताच्या अंतरावर होती. ती ओढली असती तर सगळं तिथंच थांबलं असतं. मी वायरीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. तिसरी ओळ आली. रिद्धीनं दाखवलेले तीन फोटो होते. ते तिन्ही, त्याच क्रमानं. खालून काही आवाज नव्हता. भर दुपारी, माझ्या पायाखालच्या खोलीत, माझी आई बोटानं एकेक माणूस पुसत होती आणि मला ते वर ओळीनं वाचता येत होतं.

मी खाली गेलो. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई कॉटवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. मला बघितल्याबरोबर तिनं टॅब उशीखाली सारला.

“काय करतीयेस, आई?”

“काही नाही. जुनंपानं काढून टाकतीये.”

“ते जुनंपानं नाही गं. ते परत मिळत नाहीत.”

“असं कसं? तूच म्हणालास की, यातलं काही जात नाही.”

“पाण्यानं जात नाही. कुणी पुसलं तर जातं.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच विचारलं, “कुणाकुणाला ठाऊक आहे?”

“मला एकट्याला.”

“पद्मजाला?”

“नाही.”

“मग सांगू नकोस.”

“पण का, आई? आत्याचा फोटो का पुसलास?”

“ते विचारतात ना,” ती म्हणाली. “मला येईना झालंय, भरत. तोंड ओळखीचं असतं. नाव इथपर्यंत येतं,” तिनं गळ्याला हात लावला, “आणि लाइन तुटते. तिकडं सगळे माझ्याकडं बघत बसलेले असतात. पोरगी हसते. तू हसतोस. ज्याचं उत्तर येत नाही ते ठेवून काय करू मी? पुढच्या रविवारी परत तेच काढतील.”

मी तिच्याशेजारी बसलो. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं उशीखालून एक लहान वही काढून माझ्या हातात दिली. “अभ्यास करते मी,” ती म्हणाली. “अगदीच करत नाही असं नाही.”

वहीत तिचं सुबक अक्षर होतं. निळा फेटा, हातात काठी – मालगावचे काका. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला – रिद्धी, सन्मतीची मुलगी. उंच, लहान टिकली – वृषाली, सन्मतीची बायको. चष्मा नाही, स्वयंपाकघरात असते – पद्मजा. काही ठिकाणी नुसतंच वर्णन होतं आणि पुढं रेघ ओढून जागा कोरी सोडलेली. मी भराभरा पानं उलटली. माझं नाव कुठंच नव्हतं. म्हणजे माझ्यासाठी तिला अजून वहीची गरज पडली नव्हती. मला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच लाज वाटली.

त्याच आठवड्यात तिला मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते, वागायला सौम्य. त्यांनी तपासण्या केल्या, डोक्याचं स्कॅन काढलं, आणि मग माझ्याकडं बोट करून तिला विचारलं, “आजी, हे कोण?”

आई ताठ बसली. “माझा धाकटा मुलगा, भरत कुबेर मगदूम. कॉलेजात असतो. तुम्हाला त्याचा फोन नंबर हवा का?” आणि तिनं तो सांगितला. पुरात बंद पडलेला घरचा जुना नंबर होता तो.

बाहेर मला एकट्याला बोलावून डॉक्टर म्हणाले, हे वाढत जातं. वेग कमी करायला गोळ्या देतो. परत आणता येत नाही.

संध्याकाळी मी वहिनींना फोन केला. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही नीट आलं नाही.

“जाऊ दे, भावजी,” त्या म्हणाल्या. “माझ्या आजीचं असंच झालं होतं. दिवाळीत आईंनी मला एका दुपारी तीनदा विचारलं, तुझं माहेर कुठलं गं. मी तीनदा सांगितलं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, आईवर ढकलू नका.”

मग जे हातात होतं ते करायला मी सुरुवात केली. रोज संध्याकाळी आईजवळ बसायचं, उरलेल्या फोटोंमधले थोडे दाखवायचे आणि ती जे सांगेल ते फोटोखाली लिहायचं. मी विचारत नसे. नुसता फोटो समोर धरायचा आणि वाट बघायची. कधी ती एका दमात सात पिढ्या सांगायची. कधी अर्धा तास नुसती बघत बसायची. एकाच फेटेवाल्याला सोमवारी ती दादू चौगुले म्हणाली आणि गुरुवारी स्वतःचे सासरे. मी दोन्ही लिहिलं. कुणाला विचारून खात्री करावी, असं माणूस उरलंच नव्हतं. सोळाशे फोटोंपैकी तीनशेच्या आसपास नावं लागली. बाकीचे आजही तसेच आहेत. स्वच्छ, सुरक्षित, आता तीन डिस्कवर, आणि त्यातले कोण आहेत हे कुणालाही ठाऊक नाही.

टॅबवरून काही पुसता येणार नाही असा बंदोबस्त मी केला होता. दुसऱ्याच दिवशी आई जिना चढून वर आली. गुडघे दुखतात म्हणून एरवी ती वर यायची नाही. धाप लागलेली, हातात टॅब.

“भरत, हे जात नाही रे. मी पुसतीये आणि ही बाई परत येतीये.”

बाई म्हणजे ती स्वतःच होती. एक्स्चेंजमधला फोटो, कानाला हेडफोन, बावीस-तेवीस वर्षांची.

“राहू दे की, आई. चांगला फोटो आहे.”

“नको. माझ्याकडं टक लावून बघती. कोण म्हणून विचारती.” तिनं टॅब माझ्यापुढं धरला. “काढ रे हिला. पाया पडते तुझ्या.”

मी तिच्या देखत तो फोटो काढला. मग टॅब मशीनपासून तोडून टाकला आणि त्यात फोटोंची एक वेगळी प्रत भरून दिली, तिच्या एकटीची. तिनं त्यातलं काहीही पुसावं. मशीनमधलं मशीनमध्ये राहील. पुढं वर्षभर ती पुसत राहिली. एक हजार उरले, मग दोनशे, मग अकरा. पुन्हा भरून देणं माझ्या हातात होतं, दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. ज्या दिवशी टॅब अगदी रिकामा झाला, त्या दिवशी ती शांत झोपली.

रविवारचा खेळ आम्ही बंद केला होता. त्याच वर्षी पर्युषणात दादा आणि वहिनी रिद्धीला घेऊन चार दिवस राहायला आले. दारात चपला काढता काढताच वहिनी म्हणाल्या, “आई, मी वृषाली. सन्मतीची बायको. पुण्याहून आले.” इतक्या सहज, की जसं काही सगळीच माणसं घरात शिरताना असं सांगतात. आईचा आक्रसलेला चेहरा सैल झाला. “ये गं,” ती म्हणाली, “किती दिवसांनी!” दादानं ते बघितलं, आणि मग तोही म्हणाला, “आई, मी सन्मती.” रिद्धीनंही सांगितलं. त्या चार दिवसांत आई जेवढी हसली तेवढी त्या अख्ख्या वर्षात हसली नव्हती.

ते गेल्यावर पद्मजानंही तसंच सुरू केलं. मला मात्र ते जमेना. मी रोज त्याच घरात राहत होतो, तिच्या हाताला धरून तिला अंगणात आणत होतो. एकदा कॉलेजातून आल्यावर उगाच म्हणून बघितलं, “आई, मी भरत.”

“मग?” ती फणकारली. “मला दिसत नाही होय? आंधळी झाले का मी?”

मला इतका आनंद झाला की मी पद्मजाला हाक मारून ते सांगितलं. त्यानंतर पाच-सहा महिने मी पुन्हा तसं म्हटलं नाही.

माघात एकदा कॉलेजला लवकर सुट्टी झाली. दुपारी तीनच्या सुमारास घरी आलो. आई ओट्यावर उन्हात बसून मेथी निवडत होती. फाटकाचा आवाज झाला तसं तिनं वर बघितलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग पाय आखडून घेऊन जरा बाजूला सरकली, परक्या पुरुषाला वाट द्यावी तशी. “घरात कुणी नाही,” ती आदबीनं म्हणाली. “पद्मजा येईल इतक्यात. बसा.”

मी पायरीवर टेकलो. पिशवी खाली ठेवली. थोडा वेळ तिच्या बोटांकडं बघत राहिलो. ती नेहमीसारखीच पटापट पानं खुडत होती.

“आई,” मी म्हटलं, “मी भरत. तुझा धाकटा मुलगा.”

तिनं हातातली काडी खाली ठेवली. माझ्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश नजर फिरवली. मग पदर मागं सारला आणि तिची निम्मी जुडी माझ्या हातात दिली.

“बरं झालं बाबा,” ती म्हणाली, “सांगितलंस.”